फाइल तीच, पान वेगळे

संगणकावर तयार केलेले पत्र, ठराव किंवा ताळेबंद दुसऱ्याला पाठवला जातो, तेव्हा पान जसेच्या तसे जात नाही. जाते ती पान कसे मांडायचे याच्या सूचनांची यादी. ही अक्षरे घ्या, अमुक फॉन्टमध्ये बारा पॉइंटांत लावा, डावीकडे इंचभर समास सोडा, तिसऱ्या परिच्छेदाखाली चार रकान्यांचा तक्ता घाला, अशा त्या सूचना असतात. प्रत्यक्ष पान उभे राहते घेणाऱ्याच्या संगणकावर. तिथे जे फॉन्ट असतील ते वापरून आणि तिथले सॉफ्टवेअर त्या सूचनांचा जो अर्थ लावेल त्याप्रमाणे. म्हणून इकडे आठ पानांत बसलेला अहवाल तिकडे नऊ पानांचा होतो, सहीची ओळ एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसते आणि कधी कधी तर सगळा मजकूरच चौकोनांत किंवा निरर्थक इंग्रजी अक्षरांत उघडतो. पाठवणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, कारण त्याच्याकडे सगळे ठीकठाक असते.

या बिघाडांमागची कारणे एकाच पातळीवरची नाहीत. कधी अक्षराची ओळखच पटत नाही, कधी फाइलची रचना समजत नाही, कधी फॉन्ट नसतो, तर कधी आकड्याचा अर्थ बदलतो. मराठी मजकुराला यातल्या पहिल्या कारणाने सर्वांत जास्त छळले आहे.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर हे ठरवणारा ॲस्की हा अमेरिकी तक्ता १९६३ साली आला. त्यात १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे व यंत्राला द्यायच्या काही खुणा यांनी भरून गेल्या. पुढे भारतात संगणकावर पाने लावण्याचे डीटीपी तंत्र आले तेव्हा देवनागरीसाठी एक पळवाट काढण्यात आली. फॉन्ट म्हणजे शेवटी चित्रांचा संच. त्यात इंग्रजी अक्षरांच्या चित्रांऐवजी देवनागरीचे तुकडे, म्हणजे अर्धा म, काना, वेलांटी, रफार, बसवून दिले. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसू लागले. संगणकाच्या लेखी मात्र तो मजकूर इंग्रजीच राहिला.

कृतिदेव हा हिंदी पट्ट्यात आणि महाराष्ट्रातही भरपूर चाललेला फॉन्ट घेतला, तर हे उघड दिसते. त्यात ‘मराठी’ हा शब्द टाइप केला की फाइलमध्ये साठतात पाच इंग्रजी अक्षरे: ई, जे, के, मोठा बी आणि एच. फॉन्ट जागेवर असेपर्यंत ती ‘मराठी’ म्हणून दिसतात, फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल गेली की नुसती ई-जे-के-बी-एच. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅक या सरकारी संस्थेचे फॉन्ट आणि इतर कंपन्यांचे फॉन्ट यांनी हे तुकडे आपापल्या सोयीने वेगवेगळ्या जागी बसवले होते. त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकला तर शुद्धलेखनाची चूक होत नसे, अख्खी भाषाच बिघडत असे. मजकुराबरोबर फॉन्टची फाइलही पेन ड्राइव्हवर द्यायची ही डीटीपी ऑपरेटरांची सवय तिथूनच पडली.

या फॉन्टांना पर्याय म्हणून देशात एक प्रमाण तक्ता तयार होत होता. इस्की हे त्याचे नाव. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली त्याला मानकाचा दर्जा दिला आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने त्यावर आधारलेली साधने पुरवली. इस्कीत प्रत्येक भारतीय अक्षराला स्वतःचा आकडा होता, ही मोठीच सुधारणा. पण जगातल्या सगळ्या लिप्या एकाच तक्त्यात घेणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही ऑक्टोबर १९९१ मध्येच आली. त्यातल्या देवनागरीच्या १२८ जागांची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरूनच घेतलेली आहे. विंडोज २०००बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट आला आणि नेहमीच्या संगणकावर वेगळे काही विकत न घेता मराठी लिहिता येऊ लागले.

तरी छपाईचे जग लगेच वळले नाही, आणि त्याला कारण होते. मराठी पुस्तके, मासिके, लग्नपत्रिका ॲडोबीच्या ज्या पेजमेकर या सॉफ्टवेअरवर लागत त्याची २००१ साली आलेली सातवी आवृत्ती शेवटची ठरली. तिला युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येत नव्हती. ॲडोबीच्याच इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय झाली ती २०१२च्या सीएस६ आवृत्तीत. मधली दहा-बारा वर्षे लेखक युनिकोडमध्ये लिहीत होता, छापखाना जुन्या फॉन्टमध्ये पान लावत होता आणि दोघांच्या मध्ये ‘कन्व्हर्टर’ नावाचा अविश्वासू दुभाषी उभा होता.

कन्व्हर्टर कुठे अडखळतो हेही पाहण्यासारखे आहे. जुन्या फॉन्टांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठतात, युनिकोडमध्ये ती उच्चारली जातात त्या क्रमाने. ‘कि’ लिहिताना जुन्या फॉन्टात आधी पहिली वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट. ‘कर्म’ मधला रफार जुन्या फॉन्टात म नंतर येतो, युनिकोडमध्ये मच्या आधी र आणि हलन्त. म्हणजे नुसती अक्षराला अक्षर अशी बदलाबदल करून भागत नाही, वेलांटी व रफार उचलून योग्य अक्षराच्या मागेपुढे न्यावे लागतात. अक्षराला वेलांटी आणि त्यावर रफार, असा ‘मूर्च्छित’ किंवा ‘वार्षिक’सारखा शब्द आला की हा हिशेब चुकण्याची शक्यता वाढते. रूपांतरित मजकुराचे प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागते ते यासाठी.

युनिकोड आल्याने अक्षरांचा प्रश्न संपला असे मात्र झाले नाही, तो आवृत्त्यांचा प्रश्न झाला. ‘ॲप’ आणि ‘ॲड.’ मधला ॲ हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आले २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टांत त्याला चित्रच नाही. अशा संगणकावर ॲडव्होकेटच्या जागी चौकोन आणि पुढे डव्होकेट असे उघडते. त्यावर उपाय म्हणून बरेच जण अ टाइप करून त्यावर चंद्र देतात. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. मतदारांच्या किंवा सभासदांच्या यादीत एका पद्धतीने शोधले की दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली नावे सापडतच नाहीत. ‘दुसऱ्या’ मधल्या ऱ्याचेही असेच. तो टाइप करण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत आणि फाइलमध्ये त्या वेगवेगळ्या साठतात.

रुपयाच्या चिन्हाची गोष्ट याहून झटपट घडली. जुलै २०१० मध्ये सरकारने चिन्ह स्वीकारले आणि लगोलग मंगळूरच्या फोरेडियन या कंपनीने एक फॉन्ट मोफत दिला. युनिकोडमध्ये जागा मिळायला ऑक्टोबर उजाडला. तोवर थांबायला नको म्हणून या फॉन्टने चिन्ह बसवले होते कीबोर्डवर आकड्यांच्या डावीकडे असणाऱ्या तिरक्या टिंबाच्या कळीवर. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या काळातली कोटेशने उघडली की किमतीच्या आधी एक तिरके टिंब दिसते. पळवाट तीच, वीस वर्षांनी पुन्हा.

अक्षरे बरोबर ओळखली गेली, तरी पुढे फाइलच्या रचनेचा प्रश्न असतो. मायक्रोसॉफ्ट वर्ड १९८३ मध्ये आले आणि पुढची बरीच वर्षे प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर त्याची साठवणीची पद्धत बदलत गेली. वर्ड ९७ने साठवलेली फाइल वर्ड ९५ला वाचता येत नसे. ज्या कार्यालयात काही यंत्रांवर नवी आणि काही यंत्रांवर जुनी आवृत्ती असे, तिथे मग सगळ्यांनी नवी घेणे हाच सोपा मार्ग ठरे. कंपनीला तो गैरसोयीचा नव्हता. ९७ ते २००३ या आवृत्त्यांची ‘डॉक’ फाइल ही आकड्यांची एक बंद पेटी होती. आत काय कुठे आहे याचा संपूर्ण तपशील मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी खुला केला तो २००८ साली. तोपर्यंत इतर कंपन्यांचे प्रोग्रामर ती पेटी बाहेरून चाचपून तर्क करत होते.

त्या पेटीत लिहिणाऱ्याला न दिसणारेही बरेच काही राहत असे. ‘फास्ट सेव्ह’ या सोयीत बदल फक्त फाइलच्या शेवटी जोडले जात, त्यामुळे खोडलेला मजकूर आतच पडून असे. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयाने इराकविषयीचे एक टिपण वर्ड फाइलच्या रूपात प्रसिद्ध केले. ती फाइल कोणाकोणाच्या हाताखालून गेली, त्यांची नावे तिच्या आतल्या नोंदींतून बाहेर आली. लेखकाचे नाव, आधीचे बदल, समासातले शेरे ही माहिती आजच्या फाइलींतही असते. बाहेर पाठवण्याआधी वर्डमधल्या ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ने ती काढता येते. निविदा किंवा वकिली मसुदा पाठवणाऱ्याने ही पायरी गाळू नये.

२००७च्या ऑफिसबरोबर डॉकएक्स, एक्सएलएसएक्स ही नवी मंडळी आली. नावाच्या शेवटी जोडलेला एक्स हा एक्सएमएलचा, म्हणजे साध्या मजकुरात खुणा लिहिण्याच्या पद्धतीचा. ही फाइल उघडून पाहणे कोणालाही शक्य आहे. एखाद्या डॉकएक्सची प्रत काढून तिच्या नावातले शेवटचे डॉकएक्स बदलून झिप करावे आणि डबल क्लिक करावे. आत ‘वर्ड’ नावाचा फोल्डर दिसतो, त्यात ‘डॉक्युमेंट’ नावाची फाइल आणि तिच्यात साध्या वाचता येण्याजोग्या खुणांमध्ये गुंफलेला आपला मजकूर. शेजारच्या ‘मीडिया’ फोल्डरमध्ये दस्तऐवजातले फोटो सुटे पडलेले असतात. वर्ड बिघडले आणि फाइल उघडेना, तर निदान मजकूर आणि फोटो वाचवण्याचा हा मार्ग उपयोगी पडतो.

हे होण्याआधीच एक खुला पर्याय उभा राहिला होता. स्टारऑफिस हे जर्मन सॉफ्टवेअर सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये विकत घेतले आणि त्यातून ओपनऑफिस निघाले. त्याच्या साठवणीच्या पद्धतीवरून तयार झालेला ओडीएफ हा नमुना २००५ मध्ये प्रमाण ठरला आणि २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने त्यावर शिक्कामोर्तब केले. लिबरऑफिस ही ओपनऑफिसची २०१० साली फुटलेली शाखा आज अधिक जोमात आहे. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या नमुन्यासाठी आयएसओकडे अर्ज केला. सहा हजारांहून अधिक पानांचा तो मसुदा सप्टेंबर २००७ च्या मतदानात पास झाला नाही, एप्रिल २००८ मध्ये झाला. भारताने दोन्ही वेळा विरोधात मत दिले, निकालानंतर ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएलाबरोबर अपीलही केले. ते फेटाळले गेले.

विरोधकांचा एक मुख्य आक्षेप फाइल पाठवणाऱ्याच्या थेट कामाचा आहे. त्या मसुद्यात ‘ओळी वर्ड ९७ तोडत असे तशा तोडा’, ‘अंतर वर्ड ९५ सोडत असे तसे सोडा’ अशा अर्थाच्या खुणा होत्या. वर्ड ९५ नेमके किती अंतर सोडत असे हे ज्याच्याकडे वर्ड ९५ आहे त्यालाच माहीत. शेवटी मानकाचे दोन प्रकार झाले. कडक प्रकारात जुने ओझे नाही, संक्रमणी प्रकारात ते आहे. वर्ड सवयीने साठवते तो हा दुसरा प्रकार. लिबरऑफिस किंवा गुगल डॉक्समध्ये डॉकएक्स उघडताना अधूनमधून तक्ता सरकतो किंवा चौकटीतला मजकूर इकडेतिकडे होतो, त्याला या जुन्या ओझ्याचाही हातभार असतो.

वर्डची वर्डशीही पूर्ण गट्टी नसते. प्रत्येक डॉकएक्समध्ये ती कोणत्या काळच्या नियमांनी मांडायची हे सांगणारा एक आकडा असतो. २००७ साठी १२, २०१० साठी १४, २०१३ आणि त्यापुढच्यांसाठी १५. तेराचा आकडा अशुभ म्हणून गाळला गेला, हा अमेरिकी समजुतीचा ठसा. जुन्या आकड्याची फाइल नव्या वर्डमध्ये उघडली की वर नावापुढे ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ असे दिसते. म्हणजे नवे वर्ड जुन्याची नक्कल करत असते. पान हलू द्यायचे नसेल तर ते तसेच राहू द्यावे. ‘कन्व्हर्ट’ दाबले की नवे नियम लागू होतात आणि पाने पुन्हा मोजावी लागतात.

फॉन्टचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे. हवा तो फॉन्ट यंत्रावर नसेल तर दुसरा घेतला जातो, त्याची अक्षरे रुंद किंवा अरुंद असतात, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि पुढचे सगळे घसरते. इंग्रजीसाठी यावर एक हुशार तोडगा निघाला. रेड हॅटने २००७ मध्ये लिबरेशन नावाचे फॉन्ट दिले. त्यांची अक्षरे दिसायला वेगळी असली, तरी रुंदी टाइम्स न्यू रोमन आणि एरियलच्या अक्षरांइतकीच, त्यामुळे ओळ हलत नाही. कॅलिब्रीसाठी कार्लिटो, केंब्रियासाठी कॅलाडिया अशा जोड्याही आहेत. देवनागरीत अशी सोय रूढ झालेली नाही. विंडोजवर निर्मला किंवा मंगल, मॅकवर कोहिनूर, लिनक्सवर लोहित, अँड्रॉइड फोनवर नोटो, आणि या सगळ्यांची रुंदी व दोन ओळींमधले अंतर वेगवेगळे. विंडोज १०पासून मंगलही सर्व यंत्रांवर आपोआप येत नाही, ते वेगळे बसवून घ्यावे लागते.

त्यात भर म्हणजे वर्ड देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपेक्षा वेगळा लिहून ठेवते. त्याच परिच्छेदासाठी ‘इंग्रजीला कॅलिब्री ११, देवनागरीला मंगल १२’ अशा दोन नोंदी फाइलमध्ये असतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरने यातली एकच वाचली तर इंग्रजी शब्द जागेवर राहतात आणि मराठी शब्द लहान-मोठे होतात. लिबरऑफिसमध्ये भारतीय लिप्यांचा वेगळा रकाना भाषेच्या सेटिंगमध्ये चालू करावा लागतो, त्याशिवाय तो दिसतही नाही. भाषेची खूण आणखी एका ठिकाणी लागते. काही फॉन्टांत ल आणि श ची मराठी वळणे व हिंदी वळणे दोन्ही असतात आणि मजकुरावर मराठी अशी खूण असेल तरच मराठी वळण उमटते. फाइलवर हिंदीची खूण राहून गेली तर अख्खी स्मरणिका हिंदी ल घेऊन छापून येते.

यावर उपाय दोन. फॉन्ट फाइलमध्येच भरून पाठवणे, ज्याची सोय वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हींत सेव्हच्या पर्यायांमध्ये आहे, मात्र फॉन्टच्या परवान्यात तशी मुभा हवी. किंवा मुक्तासारखा मोफत युनिकोड फॉन्ट दोन्हीकडे आधी बसवून घेणे. कागदाचा आकारही आधीच पाहून घ्यावा. अमेरिकेत चालणारा लेटर कागद ए-फोरपेक्षा साडेसतरा मिलिमीटरने आखूड आहे आणि सहा मिलिमीटरने रुंद. तिकडच्या मराठी मंडळाने लावलेली पाने पुण्यात छापायला आली तर फॉन्ट जुळूनही पाने जुळत नाहीत.

एक्सेलच्या तक्त्यांचा बिघाड याहून वाईट, कारण तो दिसत नाही. पान हलले की नजरेला खुपते, आकडा बदलला तर तो बरोबरच वाटतो. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने जाहीर केले की कोविडचे १५,८४१ बाधित रुग्ण मोजणीतून गळले होते. प्रयोगशाळांकडून येणारी माहिती साध्या सीएसव्ही फाइलींत होती आणि ती ठीक होती. खात्यात मात्र ती जुन्या एक्सएलएस नमुन्यात ओतली जात होती. त्या नमुन्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. एकेका चाचणीला अनेक ओळी लागत, त्यामुळे मर्यादा लवकर भरली आणि पुढच्या नोंदी गळून पडल्या. एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात, आणि तो तेव्हा तेरा वर्षांपासून उपलब्ध होता. रुग्णांना आपला निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध वेळेवर सुरू झाला नाही.

तारखांचा घोळ जुना आहे. एक्सेल तारीख म्हणून एक आकडा साठवते, १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस. लोटस १-२-३ या आधीच्या प्रोग्राममध्ये १९०० हे लीप वर्ष धरण्याची चूक होती. लोटसच्या फाइली एक्सेलमध्ये बिनघोर उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती चूक जाणूनबुजून उचलली आणि ती आजही आहे. २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख एक्सेल मुकाट मान्य करते. जुन्या मॅकवरचे एक्सेल १९०४ पासून मोजत असे. अशा दोन फाइलींमध्ये तारखा कॉपी केल्या तर नेमका १,४६२ दिवसांचा फरक पडतो. याहून रोजचा त्रास म्हणजे दिवस-महिन्याचा. सीएसव्हीतली ०३/०४/२०२४ ही तारीख भारतीय सेटिंगवर ३ एप्रिल होते, अमेरिकी सेटिंगवर ४ मार्च. १३/०४ मात्र अमेरिकी संगणकाला तारीख वाटतच नाही आणि तो तिला शब्द समजतो. अर्धी यादी चुकीची आणि अर्धी निकामी. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे २०२४-०४-०३ लिहिले तर दोन्हीकडे एकच अर्थ निघतो.

सीएसव्ही ही सर्वांत साधी, म्हणून कोणत्याही प्रणालीत चालणारी फाइल, पण ती एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडणे मराठी यादीसाठी घातक आहे. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते आणि पहिले बाइट नेहमी तेच असते. फाइलच्या सुरुवातीला तशी खूण नसेल तर एक्सेल ही पद्धत ओळखत नाही, प्रत्येक बाइट वेगळे अक्षर धरते. मग प्रत्येक नाव म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी ए ची रांग. असा कचरा दिसला की सेव्ह न करता बंद करावे, ‘डेटा’मधून फाइल आत घ्यावी आणि यूटीएफ-८ निवडावे. त्याच वेळी दूरध्वनीचे आणि बँक खात्याचे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून निवडावेत. नाही तर पुण्याचा ०२० हा कोड २० होतो आणि सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे धरते. लाख-कोटींचे स्वल्पविराम मात्र फाइलमध्ये नसतातच, ते संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवरून येतात. १२,३४,५६७ परदेशात १,२३४,५६७ दिसले तर घाबरण्याचे कारण नाही.

ज्या कागदात घेणाऱ्याने काही बदलायचे नाही, त्यासाठी पीडीएफ. ॲडोबीने १९९३ मध्ये आणलेला हा नमुना २००८ पासून आयएसओ मानक आहे. त्यात प्रत्येक अक्षराची पानावरची जागा पक्की असते आणि फॉन्टही सहसा आत भरलेले असतात, म्हणून फोनवर, मॅकवर किंवा सायबर कॅफेत पान तेच राहते. व्हॉट्सॲपवर पाठवताना पानाचा फोटो काढण्याऐवजी पीडीएफच ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी, कारण फोटो दाबून लहान केला जातो. पीडीएफचा उणेपणा मराठीत दिसतो तो मजकूर परत काढताना. पानावर अक्षरांची चित्रे असतात, त्यांचे मूळ युनिकोड आकडे सांगणारा तक्ता अपुरा असेल तर कॉपी केलेल्या शब्दांतली पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरे फुटतात. जुन्या फॉन्टमधून केलेल्या पीडीएफमधून तर पुन्हा ई-जे-के-बी-एचच निघते.

अनेकांनी मिळून लिहायचे असेल तर गुगल डॉक्स किंवा वर्डची ऑनलाइन आवृत्ती बरी. फाइल फिरत नाही, सगळे एकाच प्रतीवर काम करतात आणि ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘एकदम फायनल’ अशा प्रतींची पिलावळ होत नाही. पण शेवटी ती डॉकएक्स म्हणून उतरवून घेतली की रूपांतर होतेच, फक्त ते एकदाच आणि शेवटी होते. मॅक्रो असलेली एक्सेल फाइल या वाटेने नेऊ नये. एक्सेलचे मॅक्रो गुगल शीट्समध्ये चालत नाहीत, लिबरऑफिसमध्येही सगळे चालतील याची खात्री नसते.

जुन्या फ्लॉपी, सीडी आणि हार्ड डिस्कवर पडलेल्या फाइलींचे काम वेगळे. वर्ड ९५ आणि त्याआधीच्या फाइली आजचे वर्ड सुरक्षेच्या कारणाने सहजासहजी बदलू देत नाही. अशा वेळी लिबरऑफिस कामी येते. त्यात वर्डपरफेक्टच्या आणि २०१५च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइलीही उघडतात. पान थोडेफार मोडते, पण मजकूर हाती लागतो. संस्थांना दप्तर कायमचे जपायचे असेल, तर त्यासाठी पीडीएफ-ए हा २००५चा वेगळा प्रकार आहे. त्यात फॉन्ट आत असणे सक्तीचे आहे आणि पासवर्ड लावायला मनाई. मात्र जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच पीडीएफ-एमध्ये घातला तर तो दिसेल मराठी आणि शोधता येईल इंग्रजी. त्यामुळे क्रम असा ठेवावा लागतो: आधी मूळ फॉन्ट ओळखून मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, मग वेलांट्या-रफार तपासत प्रूफ वाचायचे आणि त्यानंतर पीडीएफ-ए करायची. मूळ फाइल व तिचा फॉन्ट शेजारच्या फोल्डरमध्ये तसेच राहू द्यायचे, कारण रूपांतरात काय हरवले हे पडताळायला दुसरा पुरावा नसतो.